मंगळवेढ्याची भिंत

आमच्या संप्रदायात दोन भिंतींच्या कथा सांगितल्या जातात. एक आळंदीची. चांगदेव महाराज वाघावर बसून, हाती सर्पाचा चाबूक घेऊन भेटीस आले, तेव्हा चारी भावंडे ज्या भिंतीवर बसली होती ती भिंतच माऊलींनी त्यांच्या सामोरी चालविली. ही कथा आमच्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आळंदीस गेलेला वारकरी त्या भिंतीचे दर्शन घेतल्यावाचून सहसा परत फिरत नाही. दुसरी भिंत मंगळवेढ्याची. ती चालली नाही, ती पडली. आणि तिच्याखाली आमचे चोखोबा सापडले. पहिल्या भिंतीवर कीर्तनकार तासभर रंगतात, दुसरी मात्र घाईने आटोपतात, असा आमचा अनुभव आहे. भिंत चालली हे सांगताना टाळ्या मिळतात. भिंत पडली आणि संत गेला हे सांगताना श्रोता काही विचारील अशी धास्ती वाटते. आज आम्हांला त्या दुसऱ्या भिंतीविषयीच बोलावयाचे आहे. कारण आमच्या महाराष्ट्राची भुई अधूनमधून हलते, आणि भुई हलली म्हणजे भिंती पडतात.

१९६७ सालच्या डिसेंबरची ११ तारीख. मार्गशीर्षातला सोमवार. पहाटेचे चार वाजून एकवीस मिनिटे झाली होती, म्हणजे आपली काकड्याची वेळ. कोयनानगरची जमीन हादरली. सहाहून अधिक तीव्रतेच्या त्या धक्क्याने पाटण तालुक्यातील कित्येक घरे भुईस मिळाली, सुमारे १८० माणसे गेली, दोन हजारांवर जखमी झाली. धक्का मुंबई-पुण्यापर्यंत आणि तिकडे गोमंतकापर्यंत जाणवला. कोयनेची वीज तुटली, मुंबईचे कारखाने थंडावले. धरणाच्या उंच भागाला तडे गेले, परंतु धरण उभे राहिले. पुढे त्याला पाठीमागून आधार देऊन बळकट करण्यात आले. ते फुटते तर कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर काय उरले असते, याचा विचार करवत नाही.

पुढे १९९३ साल आले. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून, नाचून-गाऊन, लोक थकले-भागलेले झोपले होते. चार वाजायला चारच मिनिटे कमी असताना लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याच्या सीमेवरील किल्लारी, सास्तूर व आजूबाजूची गावे पार जमीनदोस्त झाली. तीव्रता ६.२, म्हणजे कोयनेच्या धक्क्याहून थोडी कमीच. पण माणसे गेली सुमारे आठ हजार. पितृपक्ष उंबरठ्यावर येऊन ठेपला होता. ज्यांनी वाडवडिलांच्या तिथीला पान वाढायचे, तेच गेले. काही घरांत तर त्यांच्या नावाने पान वाढायलाही मागे कोणी राहिले नाही.

त्यानंतरही भुई पुरती निवांत अशी नाही. कोयनेच्या परिसरात १९६३ पासून लहानमोठे धक्के चालूच आहेत; पाच तीव्रतेच्या वरचेच वीसहून अधिक होऊन गेले. पाटण-चिपळूणकडचा माणूस मांडणीवरची भांडी वाजली की म्हणतो, "आला वाटतं," आणि पुन्हा कामाला लागतो. डहाणू-तलासरीकडे २०१८ च्या नोव्हेंबरापासून धक्क्यांची रांगच लागली, लोक कडाक्याच्या थंडीत घराबाहेर निजले. २०२४ च्या जुलैत, १० तारखेस सकाळी, हिंगोली-परभणी-नांदेडकडे ४.५ तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा पालख्या पंढरीच्या वाटेवर होत्या. त्या मुलखातल्या किती दिंडीकऱ्यांचा जीव घराकडे ओढला असेल! पाय पंढरीकडे आणि मन गावाकडे, अशी ती चाल.

भूकंपाची भीती ही इतर भीतीसारखी नाही, हे आधी नीट समजून घेऊ या. पूर आला तर माणूस उंचावर जातो, आग लागली तर लांब पळतो, वाघ आला तर झाडावर चढतो. प्रत्येक भयाला एक दिशा आहे आणि तिच्या उलट पळायला एक वाट आहे. येथे ज्या भुईवर उभे राहून पळायचे तीच हलते. जिला सकाळी उठून पाय लावण्यापूर्वी आपण क्षमा मागतो, ती माय अंग झटकते. आधी जमिनीच्या पोटातून गडगडाट येतो, जड मालमोटार दारावरून जावी तसा. आढ्याला टांगलेला दिवा झुलतो, कुत्री ओरडतात. आणि हे सारे 'काय झाले' असे म्हणेपर्यंत संपलेलेही असते. संपत नाही ती धास्ती. किल्लारीकडची माणसे पुढे कितीतरी महिने छताखाली निजेनात. पत्र्याखाली, ताडपत्रीखाली, पावसात भिजत निजली, पण दगडी घरात पाऊल टाकवेना. जवळून मोटार गेली तरी मुले दचकून उठत. याला कोणी भ्याडपणा म्हणू नये. ज्याच्या डोक्यावर घर पडले आहे त्यालाच घराचे भय कळते.

आता मुख्य मुद्दा. भूकंप झाला की पहिल्या आठ दिवसांत एक प्रश्न गावोगाव फिरतो: हे कोणाच्या पापाने झाले? कोणी म्हणतो देवळात अमुक अनाचार झाला, कोणी म्हणतो जत्रा बंद पडली, बोकड दिला नाही, कोणी म्हणतो कलियुग आहे, बायका अशा वागतात, पोरे तशी वागतात. आणि सांगावयास खेद होतो, परंतु सांगितले पाहिजे, की गळ्यात तुळशीची माळ घातलेली आणि व्यासपीठावर बसलेली काही मंडळीही हेच सांगतात. अहो, ज्या माऊलीचे तान्हे लेकरू मातीखाली गेले आहे ती समोर बसली असेल, आणि तुम्ही वरून सांगता की हे पापाचे फळ! कोणाचे पाप? त्या सहा महिन्यांच्या जीवाचे? की तिचे? ती बिचारी आधीच मनात म्हणत असते की मी त्याला कडेला का निजवले, दाराशी का नाही निजवले. तिच्या त्या जखमेवर तुम्ही शास्त्राचे मीठ चोळता. याला प्रवचन म्हणावे काय?

शेष मस्तक हलवतो म्हणून पृथ्वी हलते, असे आपण लहानपणी आजीकडून ऐकले. पुराणातील कथा पुराणाच्या जागी गोड आहे, तिच्याशी आमचे भांडण नाही. परंतु घर बांधताना आणि माणसाला दोष देताना तिचा आधार घेता येणार नाही. जमिनीचे शास्त्र जाणणारे सांगतात ते असे. आपल्या पायाखालचा भारतभूमीचा अवाढव्य खडक स्थिर नाही. तो वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आहे. म्हणजे आपली नखे वाढतात साधारण तितक्याच गतीने. समोर आशियाची भूमी आहे. त्या रेट्याने हिमालय उभा राहिला आणि अजूनही उंचावतो आहे. तो रेटा दख्खनच्या पोटातही पोचतो. आपला काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. त्याच्या खाली त्याहून कितीतरी जुना खडक आहे, त्यात जुन्या भेगा आहेत. ताण साठत साठत जातो, आणि एके दिवशी भेगेच्या दोन बाजू एकमेकींवरून घसरतात. बस्स, इतकेच. कोयनेला यात आणखी एक कारण मिळाले. १९६० नंतर शिवाजीसागर भरू लागला. इतक्या पाण्याचा भार आणि भेगांतून खोल झिरपणारे पाणी यांनी आधीच ताणलेल्या खडकाची पकड सैल होते, असे बहुतेक तज्ज्ञांचे मत आहे. याचा अभ्यास करण्यासाठी कऱ्हाडजवळ हजारमाची येथे संशोधनशाळा उभारली असून, तेथील मंडळींनी कोयना भागात जमिनीत तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले आहे. इतके करूनही भूकंप अमुक दिवशी, अमुक वाजता होणार, हे जगातल्या कोणत्याही शास्त्रज्ञाला आज सांगता येत नाही. मग फोनवर 'आज रात्री बारा ते तीन जागे राहा' असा निरोप पाठविणाऱ्याला ते कोठून कळले?

पापाची ही गोष्ट केवळ अडाण्यांनीच सांगितली असे नाही. १९३४ च्या जानेवारीत, १५ तारखेस, बिहार आणि नेपाळात फार मोठा भूकंप झाला, हजारो माणसे गेली. तेव्हा महात्मा गांधी म्हणाले की हे अस्पृश्यतेच्या पापाचे शासन आहे. रवींद्रनाथ ठाकुरांना हे मान्य झाले नाही. त्यांनी तसे जाहीरपणे लिहिले, आणि महात्माजींनी ते आपल्या 'हरिजन' पत्रात छापले. मनाचा मोठेपणा पाहा, विरोधही आपल्याच पत्रात छापायचा! पण आपले मत मात्र त्यांनी सोडले नाही. आम्ही दोघांनाही वंदन करतो. अस्पृश्यता हे घोर पाप आहे, याविषयी वारकऱ्याला तरी शंका नसावी. परंतु या एका बाबतीत आम्ही रवींद्रनाथांच्या बाजूचे आहोत. कारण साधे आहे. त्या भूकंपात विटाळ मानणाऱ्यांचे वाडे पडले तशा ज्यांना विटाळ मानले जाई त्यांच्या झोपड्याही पडल्या. शासन करणारा इतका आंधळा कसा असेल?

आणि येथेच मंगळवेढ्याची भिंत आमच्या मदतीस येते. कथा अशी सांगतात की मंगळवेढ्यास गावकुसाच्या भिंतीचे काम निघाले आणि चोखोबांना त्या कामावर नेण्यात आले. शके १२६०, म्हणजे इसवी सन १३३८. काम चालू असता भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांसह तिच्याखाली गाडले गेले. ज्याचे नाव घेतल्यावाचून आमचे संतपूजन पुरे होत नाही, ज्याच्या घरी, कथेप्रमाणे, स्वतः पांडुरंग येऊन जाई, तो भक्त भिंतीखाली सापडून गेला.

आता सांगा बरे, भिंतीखाली जो सापडतो तो पापी, हा तुमचा न्याय असेल तर चोखोबा कोण ठरतात? येथे दोनच वाटा आहेत. एक तर चोखोबांना पापी म्हणा. ते म्हणण्याची जीभ कोणा वारकऱ्याला असेल असे आम्हांला वाटत नाही. नाही तर तो न्याय सोडून द्या. तिसरी वाट नाही. किल्लारीला जे आठ हजार गेले, कोयनेला जे गेले, ते सारे चोखोबांच्या पंक्तीला जाऊन बसले आहेत असे आम्ही समजतो. मृत्यू एकाच तऱ्हेचा आला, दगड-मातीचा. त्यांतल्या कितीकांच्या घरी आदल्या संध्याकाळी हरिपाठ झाला असेल. त्याने भिंत थांबली नाही. हरिपाठ भिंत थांबवण्यासाठी म्हणतच नाहीत.

यावर कोणी म्हणेल, "महाराज, मग प्रारब्ध कोठे गेले? कर्माचा सिद्धांत आपण मानतो ना?" मानतो. पण तो कोणासाठी आहे, हे पाहावयास हवे. तुकोबांच्या काळी, १६३० च्या सुमारास, मोठा दुष्काळ पडला. त्यात त्यांची थोरली पत्नी आणि मुलगा गेला, व्यापार बुडाला, गावात पत गेली. पुढे तुकोबांनी आपल्या त्या दुःखाचा अर्थ लावला, त्यातून ते देवाकडे वळले, आणि त्याबद्दल देवाचे आभारही मानले. परंतु ते स्वतःच्या दुःखाविषयी बोलले. देहूतल्या दुसऱ्या कोणाचे लेकरू अन्नान्न करीत गेले, त्याच्या दारात जाऊन 'बरे झाले, तुझे कर्म फिटले' असे काही ते म्हणाले नाहीत. उलट कथा सांगते की लोकांकडून येणे असलेल्या कर्जाचे आपल्या वाट्याचे कागद त्यांनी इंद्रायणीत बुडविले. प्रारब्ध हा आरसा आहे. त्यात आपले तोंड पाहावे. तो दुसऱ्याच्या तोंडासमोर धरून हिणवू नये. ज्याचे घर पडले आहे तो आपणहून म्हणाला की 'देवाची इच्छा', तर ते त्याचे बळ आहे. ज्याचे घर शाबूत आहे त्याने तेच त्याला ऐकविले, तर तो निर्दयपणा आहे. शब्द तेच, पण बोलणारा बदलला की त्यांचा अर्थ फिरतो.

मग करावयाचे काय? तेही त्या भिंतीच्याच कथेत आहे. चोखोबा गेल्याचे कळले तेव्हा नामदेव महाराज मंगळवेढ्यास गेले. ढिगाऱ्यात अनेकांची हाडे मिसळलेली. त्यांतून चोखोबांची कोणती, हे ओळखण्यासाठी त्यांनी एकेक हाड कानाशी धरले, आणि ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ते वेचून घेतले, असे सांगतात. मग त्या अस्थी पंढरीस आणून महाद्वारासमोर समाधी दिली. आजही आपण नामदेव पायरीपाशी वाकतो तेव्हा समोरच चोखोबा असतात. या कथेतील चमत्कारावर आम्ही सारे बोलतो. पण चमत्काराच्या आधी नामदेवांनी काय केले ते पाहा. ते गेले. ते ढिगाऱ्यात उतरले. त्या काळी ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानीत त्यांची हाडे त्यांनी हाती घेऊन कानाशी लावली. कोणाच्या पापाने पडली, हे विचारीत ते वेशीबाहेर उभे राहिले नाहीत.

आणि त्याच मंगळवेढ्याचे दामाजीपंत. दुर्गादेवीच्या दुष्काळात माणसे तडफडू लागली तेव्हा त्यांनी बादशहाची कोठारे उघडून धान्य वाटले. मान जाण्याची भीती होती तरी वाटले. माणसे भुकेली आहेत तर धान्य द्यायचे, एवढे त्यांना कळले. येथे एक गोष्ट आडवळणाने सांगून टाकतो. मोठी आपत्ती आली म्हणजे गावोगावचे लोक घरातले जुने, फाटके कपडे बांधून पाठवितात. ते रस्त्याकडेला ढीग लागून पडतात, पावसात कुजतात. देणाऱ्याची अडगळ कमी होते, घेणाऱ्याची वाढते. दामाजींनी आपल्या घरातली अडगळ वाटली नव्हती. आधी तेथल्या माणसाला विचारा, काय हवे, मग द्या. सहा महिन्यांनीही द्या. पहिल्या आठवड्यात मोटारींची रांग लागते, पुढच्या पावसाळ्यात कोणी फिरकत नाही. किल्लारीकडे बावन्न गावे नव्याने वसविली गेली. शहरासारखे सरळ रस्ते, दूरदूर घरे. जुन्या गावात ओसरीवरून ओसरीवर हाक जाई. नव्या गावात म्हाताऱ्या माणसांना आपलेच घर ओळखू येईना. अशा ठिकाणी एखाद्या फडाने नेमाने जाऊन महिन्याची एकादशी केली, तर त्याचे मोल तांदळाच्या पोत्याहून कमी नाही.

आता भिंतीविषयी थोडे खुलासेवार बोलतो, कारण भूकंप सहसा माणूस मारीत नाही, भिंत मारते. किल्लारीकडची जुनी घरे माळवदी. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंत. बाहेरून आणि आतून एकेक थर घडीव-निमघडीव दगडांचा, मध्ये चिपा आणि माती कोंबलेली. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता मातीचा गारा. वर लाकडी खांब-तुळयांवर फळ्या, आणि त्यांवर पावसाळ्यापाठोपाठ पावसाळा घातलेले पांढऱ्या मातीचे थर, फूट-दीड फूट जाडीचे. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात उबदार. वाडवडिलांनी शहाणपणाने बांधलेली ती घरे, उन्हा-पावसाचा आणि चोराचा विचार करून. भुई हलेल याचा विचार त्यांत नव्हता. धक्का बसला तसे भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले. आतला आत पडला, बाहेरचा बाहेर, आणि निजलेल्या माणसांवर दगडांचा आणि मातीचा लोट आला. कितीतरी घरांत लाकडी खांब तसेच उभे होते, भिंती तेवढ्या कोसळल्या होत्या.

याला उपाय आहे आणि तो फार अवघड नाही. भिंतीच्या दोन्ही थरांना आरपार जाऊन पकडणारे लांब दगड ठरावीक अंतराने बसवायचे. कोपरे एकमेकांत गुंफायचे. दारे-खिडक्यांच्या वर घराभोवती काँक्रीटचा अखंड पट्टा घ्यायचा, जसा आपण पंढरीच्या वाटेवर सामानाच्या गाठोड्याला दोर बांधतो तसा. आणि माळवदावरची माती हलकी करायची. १९९३ नंतर लातूर-धाराशिव भागात लाखाहून अधिक जुन्या घरांची अशी दुरुस्ती झाली. त्या कामात गावोगावच्या महिला मंडळांतील बाया 'संवाद सहायक' म्हणून पुढे आल्या. गवंड्यापाशी उभ्या राहून पट्ट्यात सळई घातली की नाही हे बघू लागल्या. आम्हांला हे फार आवडले. ज्या बाईने दगडाखालून लेकरू काढले, ती गवंड्याला 'राहू दे, चालतंय' असे म्हणू देणार नाही.

१९९२ च्या हिवाळ्याच्या तोंडी किल्लारीस धक्के जाणवले होते. त्या वेळी लोक घाबरले, काही दिवस बाहेर निजले. मग धक्के थांबले, थंडी वाढली, माणसे घरात परतली. यात त्यांचा काय दोष? दुसरे घर कोठे होते? पण म्हणूनच आज ज्यांच्या गावाला लहान धक्के बसताहेत त्यांना सांगतो, धक्का थांबला म्हणून दुरुस्ती टाळू नका.

प्रत्यक्ष धक्का बसला तर काय करावे, हेही विचारले जाते. मातीच्या गाऱ्यातल्या जुन्या घरात असाल आणि दार दोन पावलांवर असेल तर बाहेर मोकळ्यावर या, भिंतीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब. पक्क्या बांधणीच्या इमारतीत वरच्या मजल्यावर असाल तर जिन्याकडे धावू नका. मजबूत टेबलाखाली बसा, डोके झाका, थांबेपर्यंत धरून राहा. थांबल्यावर चुलीचा गॅस आणि वीज बंद करून बाहेर पडा. तडे गेलेल्या घरात परत जाऊ नका, मागून धक्के येतात. दागिन्यांसाठी जाऊ नका. आणि हेही ऐका, देव्हाऱ्यातल्या देवासाठीसुद्धा जाऊ नका. जो अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे त्याला तुम्ही उचलून बाहेर आणण्याची गरज नाही. आत जायचेच असेल तर कोणी माणूस अडकले असेल त्याच्यासाठी, आणि तेही एकटे नव्हे, चौघांना हाक मारून.

पंढरीचे म्हणाल तर आम्हांला भुईपेक्षा गर्दीची अधिक काळजी वाटते. आषाढीला लाखो माणूस त्या अरुंद बोळांतून, जुन्या वाड्यांच्या आणि मठांच्या भिंतींना घासून चालत असते. दर्शनबारीत माणूस माणसाला चिकटलेला असतो. तेथे एवढीशी थरथर झाली, किंवा झालीही नाही आणि कोणी नुसते ओरडले, तर काय होईल? २००५ च्या जानेवारीत मांढरदेवीच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन तीनशेच्या आसपास भाविक गेले. तेथे भुई हलली नव्हती. म्हणून दिंडीचालकांनी आणि चोपदारांनी आपल्या मंडळींना आधीच सांगून ठेवावे, की काही झाले तरी पळायचे नाही, ढकलायचे नाही, होतो तेथे उभे राहायचे आणि नाम घ्यायचे. आमच्या वारीत एक गोष्ट आहे जी जगात थोड्या ठिकाणी असेल. चोपदाराने चोप वर केला की हजारोंचे टाळ एका क्षणात थांबतात. ही शिस्त पोलिसांच्या काठीने आलेली नाही. ती अशा वेळी वापरायला नको काय?

नामाविषयी आमचे म्हणणे लपवीत नाही. नाम घेतल्याने खडक घसरायचा थांबतो, असे आम्ही सांगणार नाही. चोखोबांहून अधिक नाम कोणी घेतले आहे? परंतु हात थरथरत असता नाम घेणाऱ्याचा हात लवकर स्थिर होतो आणि तो हात मग दुसऱ्याला ओढून काढण्याच्या कामी येतो. भीती आल्यावर मनाला काहीतरी घट्ट धरायला लागते. ज्याला लहानपणापासून नामाची सवय आहे त्याला ते शोधावे लागत नाही.

एक कामाची गोष्ट राहिली. सध्या गावोगाव मंदिरांचे जीर्णोद्धार चालू आहेत. जुन्या दगड-मातीच्या भिंतींवर नवा काँक्रीटचा जड स्लॅब, त्यावर उंच शिखर, पुढे मोठा सभामंडप. वर्गणी जमते, रंग झळकतो, कलशारोहण थाटात होते. पण खालची भिंत तीच असते. अखंड हरिनाम सप्ताहात याच मंडपात बाहेरगावची शंभर-दोनशे माणसे, लेकुरवाळ्या बाया, म्हातारी माणसे रात्री निजतात, आणि आजवरचे मोठे धक्के पहाटे निजेच्या वेळीच आले आहेत. तेव्हा विश्वस्त मंडळींनी पुढच्या सप्ताहाच्या आधी एखाद्या जाणत्या अभियंत्याला बोलावून तीन गोष्टी विचाराव्यात: वरचे वजन खालच्या भिंतींना पेलते काय, भिंतींभोवती पट्टा आहे काय, आणि मंडपाला बाहेर पडायला किमान दोन बाजूंनी मोकळी दारे आहेत काय. त्याची दक्षिणा मंडपाच्या रंगाच्या खर्चातून सहज निघेल. काय आढळले ते आम्हांस पोस्टाने कळवावे. ज्या गावांनी दुरुस्ती केली त्यांची हकिगत पुढील अंकांतून देऊ.